स्पेनमध्ये बारा रात्री : काय पाहावे, काय खावे, कुठे थांबावे?

अवनी

नमस्कार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आई-बाबांना घेऊन स्पेनला जाण्याचे ठरले आहे. हातात बारा रात्री आहेत. एका प्रवासी कंपनीने आम्हाला जो आराखडा दिला आहे त्यात बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, ग्रानादा, सेविया, कोर्दोबा, तोलेदो, सेगोविया आणि माद्रिद अशी आठ ठिकाणे आहेत आणि त्यांतल्या काही ठिकाणी तर रात्रीचा मुक्कामही नाही. आई शाकाहारी आहे, अंडे मात्र तिला चालते. बाबांचे गुडघे दुखतात, पण इतिहासाचा विषय निघाला की त्यांना दुखण्याचा विसर पडतो. मी स्वतः काही वर्षांपासून कथक शिकते आहे, त्यामुळे तिथले फ्लामेंको हे गाणे-नृत्य प्रत्यक्ष पाहण्याची मला मोठी ओढ आहे. जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगावे, की यातले काय अजिबात चुकवू नये आणि काय निर्धास्तपणे गाळावे.

पायवाट

अवनीताई, मी आणि माझी पत्नी दोनदा स्पेनला जाऊन आलो. पहिल्या खेपेस आम्ही दहा दिवसांत नऊ शहरे केली. दुसऱ्या खेपेस तेवढ्याच दिवसांत केवळ आंदालुसिया हा दक्षिणेकडचा प्रांत पाहिला. पहिल्या सहलीतली छायाचित्रे पाहताना आज कोणते गाव कोणते हे आम्हाला सांगता येत नाही. दुसरीतला मात्र एकेक दिवस लख्ख आठवतो. त्यामुळे माझा पहिला आणि सर्वांत कळकळीचा सल्ला असा, की आठ ठिकाणांचा हा आराखडा बाजूला ठेवावा.

स्पेनचे घड्याळ आधी समजून घ्यायला हवे. हा देश रेखांशाच्या हिशोबाने ब्रिटनच्या ओळीत आहे, पण १९४० पासून तिथली घड्याळे मध्य युरोपच्या वेळेवर लावलेली आहेत. परिणामी सूर्य घड्याळाच्या मानाने उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो. दुपारचे जेवण दोन ते चारच्या दरम्यान आणि रात्रीचे नऊनंतर, हा तिथला रिवाज आहे. दुपारी दोन ते पाच या वेळात लहान दुकाने बंद असतात. संध्याकाळी सात वाजता आपण भुकेले होऊन उपाहारगृहाच्या दाराशी उभे राहिलो, तर बहुधा स्वयंपाकघर सुरूच झालेले नसते. आमचा पहिला आठवडा याच चिडचिडीत गेला होता. पुढे आम्ही सकाळी एकच ठिकाण, दुपारी भरपेट जेवण, मग खोलीवर येऊन वामकुक्षी आणि दिवे लागल्यावर पुन्हा फेरफटका असा दिवस लावून घेतला आणि सगळे सुरळीत झाले. आई-बाबांना तर हे वेळापत्रक फारच मानवेल.

आता कोर्दोबाविषयी. तिथल्या मेस्कीतासाठी, म्हणजे जुन्या मशिदीसाठी, एक रात्र त्या गावात मुक्काम करावाच, कारण रविवार सोडून इतर दिवशी सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळात आत विनामूल्य सोडतात आणि सहलींचे मोठे गट त्यानंतर येतात. ऑक्टोबरात साडेआठला तिथे जेमतेम उजाडलेले असते. आम्ही संत्र्यांच्या झाडांचे अंगण ओलांडून आत गेलो तेव्हा डोळ्यांना आधी काहीच दिसेना. मग हळूहळू खांब दिसू लागले. एक ओळ, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, आणि प्रत्येक खांबावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कमानीवर कमान. असे ८५६ खांब तिथे आहेत. कोर्दोबाचा मुस्लिम अमीर पहिला अब्द अर-रहमान याने इसवी सन ७८५ च्या सुमारास बांधकाम सुरू केले तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब वापरले. ते उंचीला कमी पडत होते, म्हणून कमानीवर दुसरी कमान रचून छत उचलले. लाल पट्टी विटेची आणि पांढरी दगडाची. अडचणीतून काढलेली ही वाट हजार-बाराशे वर्षांनंतर जगातल्या सर्वांत देखण्या दृश्यांपैकी एक होऊन बसली आहे. खांबाखांबांतून पुढे जावे तो अचानक मध्यभागी सोळाव्या शतकात उभारलेले कॅथेड्रल समोर येते. कुणाला ती जोड खटकते, कुणाला भावते. बाबांना मात्र तिथे वेळेचे बंधन घालू नका.

ग्रानादाच्या टेकडीवरच्या अल्हाम्ब्राचे, म्हणजे मुस्लिम सुलतानांच्या गढीचे, तिकीट आजच काढा. ते नावानिशी मिळते, पासपोर्टचा क्रमांक द्यावा लागतो आणि आतल्या नास्री राजवाड्यांसाठी (नास्री हे त्या सुलतानांचे घराणे) ठरावीक वेळ नेमून दिलेली असते. ती वेळ हुकली तर राजवाड्यांत प्रवेश मिळत नाही. हेनेरालिफेच्या बागेपासून राजवाड्यांपर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे, त्यामुळे बाबांसाठी अर्धा तास हाताशी राखून ठेवावा. गावातून वर जायला लहान बस मिळते, चढ पायी चढण्याची गरज नाही. १२३८ मध्ये नास्री घराण्यातल्या पहिल्या मुहम्मदाने या टेकडीवर काम सुरू केले आणि २ जानेवारी १४९२ रोजी शेवटच्या सुलतानाने ख्रिस्ती राजा-राणीच्या हाती किल्ल्या सोपवल्या. आत सोने-चांदी काही नाही. गिलाव्यात कोरलेली अक्षरे, पाणी आणि सावली एवढ्यावर सगळा महाल उभा आहे. भिंतींवर ‘ईश्वरावाचून कोणी विजेता नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा कोरले आहे. ज्यांनी ते कोरून घेतले त्यांचे राज्य गेले आणि जिंकणाऱ्यांनी ते जसेच्या तसे राहू दिले, हे तिथे उभे राहून वाचताना अंगावर काटा येतो.

सेवियाबद्दल एकच सांगतो. हिराल्दा या जुन्या मशिदीच्या मनोऱ्यावर चढायला जवळजवळ वरपर्यंत पायऱ्या नसून उतार आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावे म्हणून तशी रचना केली, असे सांगतात. असे पस्तीस उतार आहेत. बाबा सावकाश चढू शकतील.

केशर

आईंच्या जेवणाविषयी मी लिहिते, कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि माद्रिदमध्ये कामानिमित्त वर्षभर राहिले आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नुसते ‘मांस नको’ असे सांगून तिथे भागत नाही. ‘कार्ने’ हा शब्द ऐकून पुष्कळांच्या डोळ्यांसमोर गाय किंवा डुकराच्या मांसाचा तुकडा येतो, हामोन म्हणजे खारवून वाळवलेली डुकराची मांडी त्यात मोडत नाही आणि ट्यूना तर नाहीच नाही. म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून’ असे प्रत्येक गोष्टीचे नाव घेऊन सांगावे. ‘सिन’ म्हणजे विना आणि ‘आतून’ म्हणजे ट्यूना मासा. साल्मोरेहो या कोर्दोबाच्या दाट थंड टोमॅटोच्या सारावरही शेवटी हामोनचे तुकडे भुरभुरवतात, तेव्हा तिथेही आधीच सांगावे.

एवढे सांभाळले तर आईंची आबाळ होणार नाही. सेवियात ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ मागवा. पालक आणि काबुली चणे, त्यात लसूण आणि चक्क जिरे. पहिल्या घासाला मला घरचीच भाजी आठवली होती. कोर्दोबात वांग्याच्या काचऱ्या तळून त्यावर उसाची काकवी घालतात, ती तर आईंना काकवी म्हणूनच ओळखू येईल. बटाटे-अंड्याचे तोर्तिया सर्वत्र मिळते. त्यात बटाटा ऑलिव्ह तेलात मंद शिजवतात आणि मधला भाग किंचित ओलसर ठेवतात, तो ओलसरपणा नको असेल तर ‘पूर्ण शिजवलेले’ असे सांगावे. पाद्रोनच्या छोट्या हिरव्या मिरच्या तळून वर जाडे मीठ टाकतात. त्यांतल्या काही तिखट निघतात आणि बहुतेक निघत नाहीत.

जेवणासाठी आठवड्याच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ घ्यावा. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी असे ठरावीक किमतीचे जेवण असते आणि रात्रीच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते. पहिल्या पदार्थांत मसुराची उसळ, भाज्यांचे सार, कोशिंबीर असे काही तरी असतेच, पण उसळीतही सॉसेज आहे का ते विचारावे. ग्रानादात अजूनही बऱ्याच ठिकाणी पेयाबरोबर छोटी बशी विनामूल्य येते. शाकाहारी बशी द्या असे म्हटले तर तीही देतात.

शब्दांची एक गंमत मला फार जवळची वाटते. साखरेला तिथे ‘आसूकार’ म्हणतात. तो शब्द अरबी ‘अस्-सुक्कर’मधून आला आणि अरबीत तो आपल्या शर्करेपासून गेला. संत्र्याचे ‘नारांहा’ आणि वांग्याचे ‘बेरेनहेना’ हेही भारतातून निघून फारसी आणि अरबीमार्गे स्पेनला पोचलेले शब्द आहेत, कारण ऊस, संत्री आणि वांगी ही पिकेच अरबांनी तिथे नेली. सेवियाच्या रस्त्यांवर हजारो संत्र्यांची झाडे दिसतात. फळ मोहक दिसते, पण ते कडू असते आणि त्याचा मुरंबाच करावा लागतो. तोडून खाऊ नये.

आणखी एक. तुम्ही ऑक्टोबरच्या शेवटी जाणार आहात. शेवटच्या शनिवार-रविवारी ला मांचा भागातल्या कोन्सुएग्रा गावात केशराचा उत्सव असतो. टेकडीवर बारा पवनचक्क्या आणि खाली गावात केशराची फुले खुडून त्यांतले तीन लाल तंतू वेगळे करण्याची चुरस लागते. बायका टेबलाशी बसतात, जांभळ्या फुलांचा ढीग समोर असतो आणि बोटांचा वेग असा, की नजर ठरत नाही. एक ग्रॅम केशरासाठी दीडशेच्या वर फुले लागतात, ही गोष्ट मी वाचली होती, पण त्या टेबलाशी अर्धा तास उभी राहिले तेव्हा ती मला खऱ्या अर्थाने कळली. माझे इथले नाव तेव्हापासूनचे आहे. तोलेदोहून हे गाव मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे.

दर्यावर्दी

केशरताईंच्या शब्दयादीत गोव्याची भर घालतो. आपण बटाटा म्हणतो तो पोर्तुगिजांकडून घेतलेला शब्द आहे आणि स्पॅनिश लोक त्यालाच ‘पाताता’ म्हणतात. आपली चावी पोर्तुगीज ‘शाव्ही’वरून आली, तिचे स्पॅनिश भावंड ‘यावे’ आहे. पैसे द्यायचे झाले की तिथे ‘पागार’ म्हणतात, आपल्या पगाराचा हाच उगम. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगाल आणि स्पेनचा मुकुट एकाच राजाच्या डोक्यावर होता, तेव्हा गोव्याचाही राजा माद्रिदमध्ये बसलेला होता.

अवनीताईंच्या मार्गात हे येणार नाही, पण कधी उत्तरेकडे नावारा भागात जाणारे कोणी हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकात ज्या संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत, ते १५०६ मध्ये हाविएरच्या गढीत जन्मले. पाम्प्लोनापासून हे ठिकाण साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. लहानपणी आजीबरोबर तीन डिसेंबरच्या फेस्ताला गेलेला माणूस त्या गढीच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, ते मी लिहून सांगू शकत नाही. ज्या खोलीत ते जन्मले असे दाखवतात, तिथे मी बराच वेळ बसून होतो.

बार्सिलोनाकर

मी सात वर्षे बार्सिलोनात राहतो आहे. पायवाट यांचा सल्ला मोलाचा आहे, पण तो वाचून कुणी बार्सिलोनाच गाळली तर माझी हरकत आहे.

साग्रादा फामिलिया हे चर्च बाहेरून पाहून परतणारे लोक मी रोज पाहतो आणि मला वाईट वाटते. खरे ते आत आहे. काम १८८२ मध्ये सुरू झाले, पुढच्याच वर्षी ते वास्तुकार गौदींकडे आले आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला तेव्हा फारच थोडा भाग उभा होता. अंगावरचे साधे कपडे पाहून लोकांना तो कुणी भिकारी वाटला होता. आता त्यांची समाधी त्याच चर्चच्या तळघरात आहे. आतले खांब झाडासारखे वर जाऊन फांद्या फुटल्यासारखे दुभंगतात, कारण छताचे वजन झाड जसे पेलते तसे पेलावे अशी त्यांची मांडणी होती. पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेच्या लाल-केशरी आहेत. ऑक्टोबरात दुपारी चारनंतरची वेळ घ्या, पश्चिमेचा उजेड फरशीवर उतरतो आणि माणसांचे चेहरेसुद्धा केशरी होतात. तिकीट आधी काढणे अनिवार्य समजावे.

मराठी माणसाने काताल्युनियात, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतात, आवर्जून पाहावी अशी दुसरी गोष्ट म्हणजे तिथले मानवी मनोरे, ‘कास्तेय्स’. युनेस्कोने २०१० मध्ये त्यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. दहीहंडी पाहत वाढलेल्याला ते ओळखीचे वाटतात आणि तरी फरक लक्षात येतो. खाली शेकडो माणसांचा गच्च घेर असतो, त्याला ‘पिन्या’ म्हणतात. प्रत्येकाच्या कमरेला लांबलचक काळा पट्टा घट्ट गुंडाळलेला असतो. तो पाठ सांभाळतो आणि वर चढणाऱ्याला पाय रोवायला उपयोगी पडतो. घेरातल्या माणसांना वरचे काहीच दिसत नाही, त्यांचे डोके पुढच्याच्या पाठीला टेकलेले असते. मनोरा कुठवर चढला ते त्यांना ‘ग्राय्या’ या सनईसारख्या वाद्याच्या सुरावरूनच कळते. शिरस्त्राण घातलेले लहान मूल टोकाला पोचून हात उंचावते, मैदानात टाळ्या होतात, पण काम तिथे संपत नाही. सगळे थर एकेक करून सुखरूप खाली उतरले तरच मनोरा पूर्ण झाला असे मानतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा लहान मुलगी वर हात करून दुसऱ्या बाजूने उतरू लागली आणि माझ्या शेजारचे आजोबा टाळी न वाजवता श्वास रोखून बघत राहिले. तिचे पाय जमिनीला लागले तेव्हा कुठे त्यांनी हात जोडल्यासारखे जवळ आणून टाळी वाजवली. मंडळांचा हंगाम नोव्हेंबरपर्यंत चालतो आणि रविवारी दुपारी आसपासच्या एखाद्या गावच्या चौकात कार्यक्रम असतो. थोडी चौकशी केलीत तर तुम्हाला तो नक्की सापडेल.

खाण्यात ‘पा अम्ब तुमाकेत’ विसरू नका. भाजलेल्या पावावर आधी लसणाची पाकळी घासायची, मग अर्धा कापलेला पिकलेला टोमॅटो हातात धरून गर पावात जिरेपर्यंत घासायचा, साल टाकून द्यायची, वर ऑलिव्ह तेलाची धार आणि मीठ. काही ठिकाणी पाव आणि टोमॅटो वेगवेगळे आणून देतात, ते आपले आपण करायचे असते. आईंना हा पदार्थ रोज सकाळी चालेल.

काळजीची गोष्ट एकच. गर्दीच्या मेट्रोत आणि पर्यटकांच्या रस्त्यांवर खिसेकापूंचा उपद्रव आहे. माझ्याकडे आलेल्या मामांचे पाकीट मेट्रोच्या दारातच गेले. पासपोर्ट खोलीवर कुलपात ठेवावा, छायाप्रत जवळ बाळगावी आणि मोबाइल टेबलावर ठेवून बोलत बसू नये.

तालप्रेमी

अवनीताई कथक शिकतात हे वाचले म्हणून मुद्दाम लिहितो. फ्लामेंको कथकमधूनच निघाला असे सरसकट विधान पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ते तसे नाही. रोमा, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून पश्चिमेकडे निघाले आणि पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोचले. तिथे त्यांना हितानो म्हणतात. फ्लामेंकोला आजचे रूप अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आंदालुसियात आले आणि त्यात हितानोंबरोबर तिथल्या लोकसंगीताचा व अरबी वारशाचाही वाटा आहे. तेव्हा आपला मोठेपणा शोधायला न जाता नाते ऐकायला जावे. ते नाते आहे आणि भाषेतही आहे. हितानोंच्या कालो बोलीत पाण्याला ‘पान्यी’ म्हणतात. मुलाला ‘चावो’ म्हणतात, त्यावरूनच स्पॅनिशमधला रोजचा ‘चावाल’ हा शब्द आला, आणि आपला ‘छावा’ त्याच मुळाचा.

ऐकताना ताल धरून बसा. सोलेआ या प्रकाराचे आवर्तन बारा मात्रांचे असते, पण आपल्या एकतालासारखे समान विभाग नसून ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर आघात येतात. पहिल्या दोन आवर्तनांत बोटे चुकतील, तिसऱ्यात बसतील. टाळ्यांचेही दोन प्रकार आहेत. तळवे पोकळ धरून दबलेली टाळी गाण्याच्या वेळी आणि बोटांनी वाजवलेली खणखणीत टाळी नृत्य तापल्यावर. सेवियाच्या त्रियाना भागात एका लहान खोलीत, चाळीसेक खुर्च्या, ध्वनिक्षेपक नाही, अशा ठिकाणी मी दुसऱ्या ओळीत बसलो होतो. पन्नाशीच्या पुढची एक स्त्री गायला बसली होती. नर्तकी थांबली, गिटार थांबली, आणि त्या बाईंनी एकच अक्षर धरून आवाज वर नेला, तो मध्येच चिरला, पण त्यांनी तो सावरला नाही, तसाच चिरलेला पुढे नेला. शेजारचा माणूस अगदी हळू, आतून आल्यासारखे ‘ओले’ म्हणाला. आपल्याकडे बैठकीत ‘क्या बात है’ जिथे येते, नेमक्या त्याच जागी. जेवणासह दाखवले जाणारे मोठे कार्यक्रम टाळावेत, कारण काट्या-चमच्यांच्या आवाजात ही जागा हरवते. युनेस्कोने २०१० मध्ये फ्लामेंकोलाही वारसा मानले, पण तो वारसा त्या लहान खोलीत कळतो.

रेघ

माद्रिदमध्ये दोन रात्री असल्या तरी दोन चित्रे पाहिल्यावाचून परतू नये, एवढे सांगण्यासाठी लिहिते. प्रादो संग्रहालयात वेलास्केसचे ‘लास मेनिनास’, १६५६ सालचे. लहान राजकन्या मध्यभागी, चित्रकार स्वतः कुंचला घेऊन डावीकडे, आणि मागच्या आरशात पुसट राजा-राणी. म्हणजे राजा-राणी जिथे उभे असतील तिथे आपण उभे असतो. हे चित्र पुस्तकात पाहून कळत नाही, कारण त्याची उंची तीन मीटरहून अधिक आहे आणि त्यातली माणसे आपल्याच खोलीत असल्यासारखी वाटतात. प्रादोत छायाचित्रे काढू देत नाहीत, त्यामुळे लोक खरोखर बघतात. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ प्रवेश विनामूल्य असतो, रांग मात्र मोठी लागते, म्हणून बाबांसाठी तिकीट काढून दिवसा जाणे बरे.

दुसरे रेइना सोफियातले पिकासोचे ‘गेर्निका’. २६ एप्रिल १९३७ रोजी त्या नावाच्या गावावर बॉम्बहल्ला झाला आणि त्याच वर्षी हे चित्र झाले. ते स्पेनला परतले १९८१ मध्ये, लोकशाही आल्यानंतरच. जवळजवळ आठ मीटर रुंदीत एकही रंग नाही, सगळे काळे, पांढरे, करडे. डावीकडे मेलेले मूल हातांत घेऊन आक्रोश करणारी आई आहे. त्या कोपऱ्यासमोर उभे राहा. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते.

अवनी

सर्वांचे मनापासून आभार. एवढे भरभरून कुणी लिहील असे वाटले नव्हते. तीन प्रश्न राहतात. व्हॅलेन्सिया गाळली तर तिथल्या पाएया या भाताच्या पदार्थाचे काय? तोलेदो बाबांना झेपेल का? आणि बैलांच्या झुंजी पाहाव्यात का, असे प्रवासी कंपनीने विचारले आहे.

केशर

पाएयासाठी व्हॅलेन्सिया हेच घर, हे खरे. पाएया म्हणजे मुळात तो पसरट उथळ तवा. अस्सल व्हॅलेन्सियन प्रकारात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि मोठे पांढरे पावटे असतात, म्हणजे आईंच्या उपयोगाचा तो नाहीच. भाज्यांचा पाएया इतर शहरांतही मिळतो. तो दुपारी खावा, दोघांसाठी मिळून मागवावा आणि वीस-पंचवीस मिनिटे थांबायची तयारी ठेवावी. लगेच समोर आला तर तो आधीच करून ठेवलेला असतो. भाताचा थर बोटभरही जाड नसतो आणि तांदूळ पडल्यावर ढवळत नाहीत, म्हणून तळाला खरपूस थर धरतो. त्याला ‘सोकर्रात’ म्हणतात. माझी आई आली होती तेव्हा तिने चमच्याने तळ खरवडला आणि म्हणाली, “अगं, ही तर खरवड!” आणि भातापेक्षा तीच जास्त खाल्ली. यजमान बाई ते पाहून खूश झाल्या, कारण त्यांच्याकडेही त्या थरासाठी मुलांची भांडणे होतात.

पायवाट

तोलेदो डोंगरावर आहे, पण गावात चढण्यासाठी रस्त्याकडेला सरकते जिने बसवलेले आहेत. माद्रिदहून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासात पोचता येते, तेव्हा मुक्काम नको, एक दिवस पुरे. वर गेल्यावर मात्र दगडी फरसबंदी आणि चढउतार आहेत, बाबांना घट्ट तळव्याचे बूट हवेत.

झुंजींविषयी माझे मत स्पष्ट आहे. पैसे देऊन जनावराचा मृत्यू पाहायला जाऊ नये. स्पेनमध्येही यावर एकमत नाही. कॅनरी बेटांनी १९९१ मध्ये आणि काताल्युनियाने २०१० मध्ये बंदीचे कायदे केले. काताल्युनियाचा कायदा पुढे २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने रद्द केला, तरी तिथे झुंजी पुन्हा सुरू झाल्या नाहीत. शिवाय ऑक्टोबरच्या मध्याला हंगाम जवळजवळ संपतोच.

रेल्वेची तिकिटे जितकी लवकर काढाल तितकी स्वस्त पडतील. सेविया ते कोर्दोबा पाऊण तास, कोर्दोबा ते माद्रिद पावणेदोन तास. स्थानकावर सामानाची तपासणी असते, तेव्हा अर्धा तास आधी जावे.

अवनी

नवा आराखडा असा ठरला. बार्सिलोना तीन रात्री, तिथून विमानाने ग्रानादा तीन, सेविया तीन, कोर्दोबा एक आणि माद्रिद दोन. कोर्दोबाची रात्र शुक्रवारी येईल, म्हणजे शनिवारी सकाळी साडेआठला आम्ही मेस्कीताच्या दाराशी असू, आणि रविवारी माद्रिदहून गाडी करून आधी कोन्सुएग्रा, परतताना तोलेदो. ‘गेर्निका’ आणि ‘लास मेनिनास’ सोमवारी. व्हॅलेन्सिया आणि सेगोविया या वेळी नाहीत.

अल्हाम्ब्राची तिकिटे काल रात्री काढली. राजवाड्यांसाठी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. बाबांनी पासपोर्टचे क्रमांक स्वतः वाचून दाखवले आणि दोनदा तपासायला लावले. आईने फ्रिजवर कागद चिकटवला आहे, त्यावर तिच्या अक्षरात लिहिले आहे : सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून. पोळ्या लाटताना ती ते मोठ्याने म्हणते आहे. केशरताई, ‘कृपया’ला काय म्हणतात ते तिला त्याच कागदावर लिहायचे आहे.

केशर

‘पोर फावोर’. आणि जेवण झाल्यावर ‘मुई रिको’, फार चविष्ट होते. तेही लिहून ठेवायला सांगा, सेवियातल्या पालक-चण्यांनंतर त्यांना ते लागेल.